विसावा फर्मा

बायको आरशासमोरून हलेना आणि पुठ्ठेमास्तरांच्या गालावरचा साबण वाळत चालला. घरात आरसा एकच. त्याच्यापुढे उभी राहून ती एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात कंगवा धरून भाषण करत होती.

"मित्रहो, या कादंबरीतला नावाडी तोंडातून शब्द काढत नाही. सगळं बोलणं नदीवर सोपवून तो मोकळा झालाय..."

"अगं, माझा अर्धाच चेहरा झालाय," मास्तर म्हणाले. "असाच कामावर गेलो तर लोक हसतील."

"तुम्हाला हसू देत. शनिवारी मला कोणी हसता कामा नये."

बाईंचंही चूक नव्हतं. वाचनालयात दर शनिवारी दुपारी तीन वाजता हिंदी वाचकांचं मंडळ भरायचं. सभासद अठरा. हिंदी त्यातल्या एकाच्याही घरची भाषा नव्हती, पण हिंदी पुस्तक हातात पडलं की सगळे जेवण विसरायचे. मास्तरांची बायको दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची आणि दोन रुग्णांच्या मध्ये दोन पानं वाचून घ्यायची. मंडळात मात्र सात वर्षं ती मागच्या खुर्चीत बसून नुसती ऐकत होती. बोलायचे ते निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सर बोलायला लागले की घड्याळसुद्धा अदबीनं चालायचं. या खेपेला ग्रंथपालबाईंनी हट्ट धरला, वहिनींनीच बोलायचं. वहिनी आधी नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या आणि तेव्हापासून घरातला आरसा त्यांच्या ताब्यात होता.

मास्तरांना बायकोचा अभिमान होता, आणि त्यात आणखी एक चोरटा अभिमान मिसळलेला होता. ती ज्या पुस्तकावर बोलणार होती ते त्यांनी बांधलं होतं. वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत अठ्ठावीस वर्षं त्यांचं बाइंडिंगचं काम चालू होतं. अकरा हजार पुस्तकं हाताखालून गेली. त्यातलं एकही त्यांनी वाचलं नव्हतं, आणि हे ते अशा थाटात सांगत की जणू मोठा पराक्रमच केलाय.

"मी पुस्तक बाहेरून ओळखतो," ते म्हणत. "आत काय आहे ते ज्याचं त्यानं बघावं. डॉक्टर काय पेशंटची डायरी वाचतो?"

त्याच दिवशी, बुधवारी दुपारी, एक डॉक्टरच त्यांच्या खोलीत शिरले. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. अंगात पांढरा कोट, हातात रबरी मोजे, काखेत पुस्तक आणि डोळे लाल.

"मास्तर, माझ्या मामाचं काय केलंत तुम्ही?"

मास्तरांनी हातातली खळीची वाटी खाली ठेवली. "बसा डॉक्टर. काय झालं मामांना? आजारी होते का?"

"आजारी? ठणठणीत होते! तीनशे पानं घरात ठाण मांडून बसले होते!"

डॉक्टरांनी पुस्तक टेबलावर आपटलं तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. मामा पुस्तकातले होते. हिंदीतली एक जुनी विनोदी कादंबरी. दोन दिवसांसाठी आलेला मामा अकरा पेट्या आणि एक पोपट घेऊन भाचीच्या घरी मुक्काम ठोकतो, आणि सगळं घर त्याला बाहेर काढायच्या मागे लागतं. डॉक्टर ती पेशंटच्या तोंडात कापूस भरून, औषध लागू पडेपर्यंतच्या वेळात वाचत होते.

"काय भाषा आहे हो! माणूस अपमान करतो तोसुद्धा इतक्या अदबीनं की ज्याचा झाला तो आभार मानतो. हिंदीतच जमतं हे. तीनशे चार पानं मी हसलो. मामा दारापर्यंत गेला, आता जाणार की नाही, पान उलटलं, आणि मामा एकटाच नदीवर! धुकं काय, होडी काय! मी रडायला लागलो मास्तर. खुर्चीतल्या पेशंटला वाटलं त्याचेच दात बघून रडतोय. तो पळून गेला."

मास्तर हसले. त्या हसण्यात अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता. "बघू बघू. लेखकानं लिहिलं असेल तसं. बांधणीत चूक नाही." त्यांनी पुस्तक उघडलं. "हे बघा. तीनशे चार, पुढे तीनशे पाच. आकडे चोख आहेत."

"आकडे काय बघता? वाचा ना!"

मास्तरांनी नाइलाजानं चष्मा लावला. तीनशे चारच्या तळाशी होतं, 'मामाजी ने दरवाज़े तक जाकर'. आणि तीनशे पाचच्या माथ्यावर, 'पीछे मुड़कर देखा। नदी पर कोहरा था।'

"जुळतंय की," मास्तर म्हणाले, पण आवाज खाली आला होता. नदी. नदी त्यांनी सकाळी कुठेतरी ऐकली होती. अर्धी दाढी झालेली असताना.

पुस्तक छापखान्यातून येतं ते सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी. अशा एका घडीला फर्मा म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी मास्तरांकडे पानं सुटलेल्या दोन हिंदी कादंबऱ्या एकदम आल्या होत्या, एक मामाची आणि एक नावाड्याची. प्रकाशक एक, आकार एक, टाइप एक, पानं दोन्हींची तीनशे वीस. त्या प्रकाशकाला पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव छापायची सवय नव्हती. दोन्हींचा शेवटचा, विसावा फर्मा पाठीवर फाटलेला होता. मास्तरांनी दोन्ही फर्म्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि वाळायला एकाच वजनाखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी आकडा बघून विसाव्या जागी विसावा फर्मा लावला आणि शिवून टाकला.

म्हणजे मामाच्या पुस्तकात नावाड्याचा शेवट होता. आणि नावाड्याच्या पुस्तकात, ज्यावर बायको शनिवारी अठरा लोकांसमोर बोलणार होती, त्यात अकरा पेट्या आणि पोपट होता.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "पुस्तक इथेच राहू द्या. तुमचा मामा मी दोन दिवसांत परत देतो. आणि एक विनंती. हे कुठे बोलू नका."

"बोलतोय कशाला? तीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. पण तो जातो की नाही, एवढं तरी बघून सांगा!"

"डॉक्टर, मी पुस्तकं वाचत नाही," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानाला बरं लागलं नाही.

गुरुवारी सकाळी मास्तर वाचनालयाच्या पुढच्या दालनात अंदाज घ्यायला गेले. त्यांचा हिशेब सरळ होता. नावाड्याची प्रत एकच, ती दहा-दहा दिवस सगळ्या सभासदांकडे फिरली होती. अठरा जणांत एकाला तरी संशय आलाच असेल. तो एकटा गाठायचा, हात जोडायचे आणि गुपचूप दुरुस्ती करायची. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी सर बसले होते. सरांपेक्षा हुशार माणूस मंडळात नव्हता.

"सर, ती नावाड्याची कादंबरी... शेवट कसा काय वाटला?"

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते पाऊण तास बोलत. "मास्तर, तुम्ही विचारताय याचाच मला आनंद आहे. हा शेवट म्हणजे कळस आहे! नदीवर पूल होतो, नावाड्याला काम उरत नाही. मग तो काय करणार? शहरात नातेवाइकांकडे जाणार. आणि तिथे गेल्यावर तो कोण होतो? मामा! जो आयुष्यभर लोकांना पैलतीरी पोचवत होता तो आता स्वतःच कुठे जायला तयार नाही! अहो, त्याचं नावसुद्धा बदलतं. ओळखच पुसली गेली ना त्याची!"

"पण पेट्या, सर? अकरा पेट्या?"

"आठवणी!"

"आणि पोपट?"

"चाळिसाव्या पानावर नावेच्या काठीवरून एक पोपट उडून जातो. शेवटी तो परत येतो. योगायोग आहे का हा? तीनशे चार पानं नदी आणि पुढच्या पानावर एकदम दिवाणखाना! हे धाडस करायला छाती लागते. कोण करेल असं?"

मास्तरांनी मान खाली घातली. करणारा समोरच उभा होता.

"मी यावर अकरा पानी लेख लिहिलाय," सर म्हणाले. "वहिनी बोलून झाल्या की शनिवारी वाचणार आहे."

मास्तर मागच्या खोलीत येऊन पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसले. आता मोठीच पंचाईत होती. फर्मा तसाच ठेवला तर बायको त्यांच्या चुकीची तारीफ करणार, आणि कधी ना कधी डॉक्टरसारखा कोणीतरी उभा राहून तिला खोटं पाडणार. गुपचूप बदलला तर बायको मामावर बोलणार आणि लोक पुस्तक उघडून बघणार तर मामाच नाही. सात वर्षांनी बाई पहिल्यांदा तोंड उघडणार आणि हसं होणार, तेही नवऱ्याच्या हातून. एकच रस्ता होता, तिला सांगून टाकायचं.

संध्याकाळी ते निश्चय करूनच घरी गेले. ती खुर्चीत बसून तेच पुस्तक पुन्हा वाचत होती, ओठ हलत होते.

"अगं, त्या शेवटाबद्दल एक विचारायचं होतं."

"शेवट?" तिनं पुस्तक मिटलं आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "असा शेवट मी जन्मात वाचला नव्हता."

"आवडला?"

"मी तर थक्कच झाले. का हो? तुम्ही कधीपासून शेवटांची चौकशी करायला लागलात?"

तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मास्तरांनी विषयच बदलला. "काही नाही. त्याच्या कण्याला जरा दाब द्यावा म्हणतोय. सगळ्यांच्या हाती फिरून ढिला झाला असेल."

"उद्या सकाळी घेऊन जा. पण शनिवारी तीन वाजता मला हातात पाहिजे."

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी दार लावून दोन्ही पुस्तकांची शिलाई उसवली. चुकीचे फर्मे बाजूला काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि सुईत दोरा ओवला. दहा मिनिटांचं काम. पण हात पुढे जाईना. सरांचं बोलणं डोक्यात किडा सोडून गेलं होतं. समजा सर बरोबर असले तर? समजा नावाडी खरोखरच मामा झाला असला तर? एवढा शिकलेला माणूस, अकरा पानं लिहिलीत त्यानं. एक चूक झाली ती झाली. दुसरी झाली तर अठ्ठावीस वर्षं पाण्यात.

नावाड्याच्या तीनशे चारव्या पानाचं शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं: 'उसने चप्पू उठाया, और पहली बार'. चप्पू म्हणजे वल्हं असणार, त्यांनी ताडलं. त्याला एक फर्मा लावला तर होत होतं, 'पीछे मुड़कर देखा।' दुसरा लावला तर, 'अपना सामान गिना। ग्यारह संदूक, दो छाते और एक तोता।' दोन्ही जुळत होते! आकड्यांनी जुळत होते, वाक्यांनी जुळत होते. कोणाचं कोण हे बाहेरून कळायला मार्गच नव्हता.

"आता काय, वाचू की काय?" मास्तर स्वतःशीच चिडून म्हणाले.

तीनशे चारवं पान कळावं म्हणून त्यांनी तीनशे तिसरं वाचलं. त्यात एक भाऊ होता, तो का रागावलाय ते कळेना. म्हणून दोनशे नव्वद काढलं. तिथे जुनी नाव जाळल्याचा उल्लेख होता. कोणी जाळली? शेवटी वैतागून त्यांनी पहिला फर्मा समोर ओढला. हिंदी त्यांनी शाळेत शिकली होती, त्यानंतर दुकानांच्या पाट्यांपुरतीच. पहिलं पान बोट ठेवून वाचायला पाच मिनिटं लागली. तिसऱ्या पानाला बोट राहिलं. दहाव्या पानावर एक वाक्य आलं, 'उसने चप्पू पानी में ऐसे उतारा, जैसे कोई सोते हुए को छूता है।' ते त्यांनी पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी दाराकडे बघून घेतलं.

मग मास्तर गेले ते गेलेच. वाटीतली खळ वाळून पापड्या धरल्या. कोणीतरी दोनदा दार वाजवलं आणि परत गेलं. नावाड्यानं धाकट्या भावाला शिकवायला स्वतःची नाव गहाण टाकली, त्याच भावानं पुढे पुलाचा नकाशा काढला, आणि मास्तर मोठ्यानं म्हणाले, "नालायक!" ज्या पानांना ते आजवर नुसते आकडे समजत होते त्यांच्यात माणसं राहत होती. अकरा हजार पुस्तकांच्या पाठी ठोकल्या, आणि एकाचंही दार उघडलं नाही. मास्तरांना मनापासून वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटत असतानाच त्यांनी पुढचं पान उलटलं.

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा दीडशेव्या पानावर होते.

"पुस्तक कुठाय?" बायकोनं विचारलं.

"शिकंज्यात. दाब बसतोय."

"आणि डोळ्यांना काय झालं?"

"सरस झोंबलं."

ती चहाचा कप पुढे ठेवून आरशासमोर जाऊन उभी राहिली.

शनिवारी सकाळी सातलाच मास्तर खोलीत हजर. दुपारी तीनला पाच मिनिटं कमी असताना ते तीनशे चारव्या पानावर पोहोचले. पूल झाला होता. सगळं गाव पुलावरून जात होतं. भाऊ काठावर आला होता, आणि 'उसने चप्पू उठाया, और पहली बार'. मास्तरांनी शेवटचा फर्मा उचलला, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. शिलाई नाही, पुठ्ठा नाही, पुस्तक सगळं सुटं. त्यांनी वीसच्या वीस फर्मे फडक्यात गुंडाळले, मामाचा फर्मा खिशात कोंबला आणि तसेच धावत सुटले.

सभागृह म्हणजे वाचनालयाचं मधलं दालन. अठरा सभासद आणि दाराशी उभे दातांचे डॉक्टर, कारण त्यांना मामाची वाट बघवत नव्हती. बायको बोलायला उभी होती. हातात पुस्तक नव्हतं, पण आवाज स्थिर होता.

"आपण म्हणतो हळू," ती सांगत होती. "हळू म्हटलं की झालं, संपलं. हिंदीत तो लेखक म्हणतो 'आहिस्ता'. म्हणून बघा. म्हणताना तोंडसुद्धा हळू होतं. आपली भाषा आपल्याला आईसारखी आहे, तिच्याशी आपण भांडतो, ओरडतो. हिंदी मला मावशीसारखी वाटते. तिच्या घरी गेलं की आपण जरा नीट बसतो, नीट ऐकतो, आणि ती आपले लाड करते. या पुस्तकानं माझे तीनशे चार पानं लाड केले. आता शेवटाबद्दल..."

"थांब!" मास्तर दारातून ओरडले. "अगं, थांब! शेवटाबद्दल बोलू नकोस!"

सगळ्या माना वळल्या. मास्तर धापा टाकत पुढे आले आणि फडकं टेबलावर सोडलं. फर्मे पसरले. ग्रंथपालबाईंनी छातीवर हात ठेवला.

"चूक माझी आहे," मास्तर म्हणाले. "हिची नाही. शेवटची सोळा पानं या पुस्तकाची नाहीत. मी दुसऱ्या पुस्तकाची शिवली. तुम्ही सगळ्यांनी वाचलात तो शेवट मामाचा आहे."

मग सर उठले. त्यांच्या हातात अकरा पानं होती.

"मास्तर, तुमचा गैरसमज होतोय. नावाडी आणि मामा एकच आहेत. साहित्यात असं असतं. तुम्ही पुस्तकं बांधता, उत्तम बांधता. पण अर्थ लावणं..."

"सर, राग मानू नका," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चढला की त्यांनाच नवल वाटलं. "ज्या माणसानं भावासाठी नाव गहाण टाकली आणि एका शब्दानं कोणाला सांगितलं नाही, तो अकरा पेट्या घेऊन दुसऱ्याच्या दारात जाऊन बसेल? एकशे बाराव्या पानावर तो भुकेला आहे आणि समोर ताट आहे, तरी आधी विचारतो, हे कोणासाठी ठेवलंय. तो माणूस पेट्या आणि छत्र्या मोजत बसेल? पोपटाचं काय सांगता? नावाडी त्या पोपटाला पकडत नाही हो, जाऊ देतो. ते पान वाचलंत ना तुम्ही? मग तुम्हाला मामा पटला कसा?"

मागून डॉक्टर ओरडले, "बरोबर बोलतायत! माझा मामा कधीच नदीवर जाणार नाही, त्याला सर्दी होते!"

दालनात एकच गलका झाला. कोणी म्हणे शेवट छानच होता, कोणी म्हणे मला आधीच खटकलं होतं. आधीच खटकलं होतं म्हणणारे बघता बघता अकरा झाले. मास्तरांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते बायकोकडे बघत होते. सात वर्षांनी ती बोलायला उभी राहिली आणि आपण धावत येऊन तिच्या भाषणाचा विचका केला, एवढंच त्यांना दिसत होतं.

बायकोनं हातातला कागद शांतपणे ग्रंथपालबाईंपुढे धरला. "बाई, शेवटाबद्दल मी काय लिहून आणलंय ते वाचता का जरा?"

ग्रंथपालबाईंनी वाचलं, "'मित्रहो, शेवटची सोळा पानं या पुस्तकाची नाहीत.'"

गलका जागच्या जागी थांबला.

"तीनशे चार पानांत हा लेखक एकदाही आवाज चढवत नाही," बायको म्हणाली. "पुढच्या सोळा पानांत सगळे एकमेकांवर ओरडतात. भाषा बदलली की माणूस बदलला हे कळायला लेख कशाला लिहायला पाहिजे? दोघंही हिंदीच लिहितात, पण हा वेगळा आणि तो वेगळा. मावशा दोन आहेत." मग ती सरांकडे वळून मऊपणे म्हणाली, "सर, तुमचा लेख मात्र ठेवा. वाया जाऊ देऊ नका. ती सोळा पानं खरंच छान आहेत."

सरांनी अकरा पानांची घडी केली. "मी त्या पानांबद्दलच म्हणत होतो," ते म्हणाले आणि बसले.

"आता खरा शेवट ऐकू या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "वहिनी, वाचा."

"मी नाही. ज्यांनी आणलाय ते वाचतील," बायको म्हणाली आणि विसावा फर्मा नवऱ्याच्या हातात दिला.

मास्तरांनी आयुष्यात कधी चार लोकांसमोर काही वाचलं नव्हतं, आणि हिंदी तर नाहीच. पण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय त्यांचा जीव आता राहणार नव्हता. ते वाचू लागले. सुरुवातीला अडखळले, एकदोघं हसले. मग हसणं थांबलं. नावाड्यानं मागे वळून पाहिलं, काठावर भाऊ उभा होता, आणि डोक्यावर त्यानंच बांधलेला पूल होता. मास्तर शेवटच्या ओळीवर आले. 'भाई नाव में आकर बैठ गया। किसी ने कुछ नहीं कहा। नाव आहिस्ता चली।'

पुढचं पान कोरं होतं. मास्तरांनी तेही उलटून बघितलं. डॉक्टर कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होते. त्यांचा हा शेवट आधी वाचून झाला होता, तरी. टाळ्या वाजल्या त्या बऱ्याच उशिरा, आणि त्या कोणासाठी आहेत हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मास्तरांनी बायकोकडे बोट दाखवलं, बायकोनं मास्तरांकडे.

बाहेर पडल्यावर दोघं शंभर पावलं चालले. मग मास्तरांना राहवेना.

"कधी कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे! आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? बुधवारपासून माझ्या जिवाला घोर लागलाय!"

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं?"

"काय म्हणजे? शिलाई उसवून फर्मे बदलले असते. दहा मिनिटांचं काम."

"आणि वाचलं असतंत?"

कोपऱ्यावर वळायचं होतं, पण मास्तर तिथेच उभे राहिले.

"या लेखकाचं आणखी काही आहे का गं?"

"आहेत ना. तीन कादंबऱ्या आहेत वाचनालयात. पण त्यांची बांधणी अगदी पक्की आहे. तुमच्याकडे काही यायच्या नाहीत."

मास्तर मागे फिरले. वाचनालय बंद व्हायला दहा मिनिटं होती. अठ्ठावीस वर्षं ते मागच्या दारानं आत जात. आज पुढच्या दारानं शिरले, खिडकीपाशी तिघांच्या मागे रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर सभासद व्हायचा अर्ज मागितला. ग्रंथपालबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं, अर्ज भरून घेतला, सही घेतली. नव्या सभासदाला एका वेळी एकच पुस्तक, असं त्यांनी नियमावर बोट ठेवून सांगितलं. मास्तरांनी ते एकच पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं.

"दहा दिवसांत परत करा," बाई म्हणाल्या. "आणि जपून वाचा हं. पानं सुटली तर लवकर बांधून मिळणार नाहीत. आमचे बाइंडर वाचायला लागलेत."